पंधरा दिवसांनी पुन्हा

गोळी मी घेतली नव्हती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी करायला जागा राहणार नाही. आम्ही घरात तिघं. त्या दिवशी घ्यायच्या तीन गोळ्या होत्या, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यायच्या आणखी तीन. ईशाने, माझ्या मुलीने, तिची गोळी चघळून टाकली. मुग्धाने, माझ्या बायकोने, नाक मुरडत का होईना पण घेतली. मी माझी गोळी हातात धरून लॅपटॉपपाशी गेलो, "कॉल संपला की घेतो" म्हणालो आणि टेबलाच्या खणात टाकून दिली. पंधरा दिवसांनी घरात कुणाला आठवण झाली नाही. मला झाली होती. मी बोललो नाही.

आणि ईशाचा त्रास परत सुरू झाला, तेव्हा मी तो दोष राऊत सिस्टरांवर ढकलला. चौदा घरांसमोर.

सिस्टर आमच्याच ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहायच्या. सिंगापुरात सेंगकांगला आमच्या आजूबाजूच्या चार-पाच ब्लॉकमध्ये मिळून चौदा मराठी घरं होती, आणि त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. भाजणी कुठे मिळते, कुणाची आई भारतातून येते आहे, असल्या गोष्टींसाठी. सिस्टर त्या ग्रुपमध्ये नव्हत्या. त्यांची सून नीता होती. सिस्टरांचा मुलगा जहाजावर इंजिनिअर, सहा-सहा महिने समुद्रावर. नीता ऑफिसातून घरी यायची साडेसातला. त्या घरात मूल नव्हतं. सकाळी साडेसातपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत सिस्टर आणि एक टीव्ही, ज्यातलं त्यांना काही कळत नसे.

त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी जव्हारकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी केली होती. लसी, बाळंतपणं, आणि पोरांचे जंत. त्यातलं जंतांचं काम त्यांना सगळ्यात आवडायचं. "बाळंतपणात जीव मुठीत असतो," त्या म्हणायच्या. "जंताचं बरं असतं. गोळी द्या, दोन महिन्यांनी पोराचे गाल बघा." जंतांना त्या पाहुणे म्हणत. "पाहुणे आलेत, वाटेला लावू."

बुटक्या होत्या. सुती साडी आणि पायांत शाळकरी पोरांसारखे कॅनव्हासचे बूट. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी मोजायच्या सवयीने. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि हातात एक स्टीलची चपटी डबी. डबीत नेलकटर, कापूस आणि स्पिरिटची इवलीशी बाटली. नेलकटर त्या रोज सकाळी चहाच्या आधी उकळत. हे मला माहीत होतं, कारण एकदा सकाळी मी काही द्यायला त्यांच्याकडे गेलो तेव्हा गॅसवर पातेल्यात तो एकटाच खडखडत होता. "चहात टाकू का तुमच्या?" त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसत सुटल्या.

दुपारी चार वाजता त्या साडी बदलून खाली यायच्या. आमच्या ब्लॉकच्या तळमजल्याला घरं नाहीत, नुसते खांब आणि मोकळी फरशी. त्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे दगडी टेबल आहे, बुद्धिबळाचा पट कोरलेलं. त्यावर त्या वर्तमानपत्र पसरायच्या आणि वाट बघायच्या. मुलं शाळेतून, पाळणाघरातून आली की एकच आरोळी. "दहा बोटं!"

मुलं दोन्ही हात पुढे करून उभी राहत. नखं बघितल्याशिवाय गोष्ट नाही, लाडू नाही. वाढलेली असतील तर तिथेच कापायच्या, कापसाने नेलकटर पुसायच्या, मग पुढचं मूल. लाडूचा पहिला तुकडा स्वतः खायच्या. मुलांना वाटायचं आजी हावरट आहे. ईशा एकदा म्हणाली, "सिस्टर आजी, यू ऑल्वेज ईट फर्स्ट, नॉट फेअर लाह!"

"आधी मी," सिस्टर म्हणाल्या. "नियम आहे."

त्या नियमामागची गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका पाड्यावरच्या शाळेत त्यांनी जंताच्या गोळ्या वाटल्या. दुपारी एका पोराने उलटी केली आणि उलटीतून वीतभर जंत बाहेर पडला. पाड्यावर बोभाटा झाला की सिस्टर गोळीतून पोटात साप सोडते. पुढच्या वेळी गेल्या तर शाळेला कडी. बायका दारात बसलेल्या. "मी वाद घातला नाही," सिस्टर म्हणाल्या. "पिशवीतून गोळी काढली, सगळ्यांदेखत चावून खाल्ली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत. एक म्हातारी दर घटकेला येऊन माझं तोंड उघडून बघायची, साप निघाला का म्हणून. अंधार पडायला तिनेच कडी काढली. तेव्हापासून आधी मी. मोठ्या माणसाने घेतली की पोर घेतं, अहो. त्यात दुसरी अक्कल नाही."

एका रविवारी मुग्धाने मला त्यांच्याबरोबर लिटिल इंडियात पाठवलं. त्यांना नाचणीचं पीठ हवं होतं आणि त्या एकट्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढायला घाबरत. सिंगापुरात येऊन त्यांना दोन वर्षं होऊन गेली होती. परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर एक बाई आणि तिचा लहान मुलगा बसले होते, बहुधा तमिळ. मुलगा बोट तोंडात घालून बसलेला. सिस्टर उठल्या, त्या बाईसमोर उभ्या राहिल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "ताई, नखं बघा त्याची. पोटात जातं सगळं." मग स्वतःची दहा बोटं पसरून दाखवली. डब्यातले लोक बघायला लागले. मी नाचणीची पिशवी घेऊन दोन दारं पुढे सरकलो आणि नकाशा वाचत उभा राहिलो, जसा काही मी त्यांच्याबरोबर नव्हतोच. मागे वळून बघतो तो ती बाई हसत होती, आणि तिनेही आपली दहा बोटं सिस्टरांपुढे धरली होती.

स्टेशनातून बाहेर पडताना सिस्टर म्हणाल्या, "लांब गेलात तुम्ही."

"गर्दी होती," मी म्हणालो. डबा अर्धा रिकामा होता.

ईशाचं त्यांनीच ओळखलं. ती तेव्हा सहा वर्षांची होती. दगडी स्टुलावर एका जागी बसेना, फ्रॉक मागून ओढत राही, डोळ्यांखाली काळं. आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. सिस्टरांनी तिला जवळ घेऊन कानात काही विचारलं. ईशा म्हणाली, "ॲट नाइट व्हेरी इची, आजी." त्या संध्याकाळी मी ऑफिसातून येताना सिस्टर लिफ्टपाशी थांबल्या होत्या.

"ईशाचे बाबा, पाहुणे आलेत पोरीकडे. बारीक, दोऱ्यासारखे असतात ते. घाबरायचं कारण नाही."

मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला अपमान वाटला. मी पुण्याचा, इंजिनिअर, वीस माणसांचा मॅनेजर. गाळलेलं पाणी, रोज पुसलेली फरशी, आणि माझ्या मुलीला जंत? "इथे कुठून होणार जंत, सिस्टर? हे सिंगापूर आहे."

"का? मला इथे राहायला पास नवा करून घ्यावा लागतो. त्यांना लागतो की काय?" त्या हसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "अहो, पोरं एकत्र खेळतात, बोटं तोंडात घालतात. राजाच्या पोरालाही होतात. यात लाजायचं काय?"

औषध त्यांनी दिलं नाही. हे मला ठळक लिहायचं आहे. त्या म्हणाल्या, "मला इथे अधिकार नाही. डॉक्टरला दाखवा." डॉक्टरला काय सांगायचं तेही शिकवलं. पहाटे, मूल उठायच्या आधी, अंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी खाजेच्या जागी दाबून लावायची आणि काचेवर चिकटवून न्यायची. अंडी दिसतात. ईशाला न्यायला आलेल्या मुग्धाला बाजूला घेऊन त्यांनी पाळी चुकली नाही ना, हेही विचारलं, कारण दिवस असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नसते. मुग्धाला ते गैर वाटलं नाही. मला वाटलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी तीन बोटं मोजून दाखवली. "घरातल्या सगळ्यांनी. एकाच दिवशी. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. गोळीने किडा मरतो, अंडी राहतात. आणि आधी तुम्ही घ्या, मग पोर घेईल."

डॉक्टरांनी तंतोतंत हेच सांगितलं आणि सहा गोळ्या लिहून दिल्या. पुढचं वर लिहिलंच आहे.

महिन्याभरात ईशाची चुळबुळ परत सुरू झाली. त्याच आठवड्यात तिच्या शाळेतून एक चिठ्ठी आली, वर्गात काही मुलांना जंत आढळले आहेत, पालकांनी काळजी घ्यावी. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, आपल्यापैकी कुणाच्या मुलाला आहेत का? मुग्धा बाहेर गेली होती. मला वाटलं, आता सगळ्यांना कळणार. तीन जणांनी 'आमच्याकडे नाही' असं लिहिलं. मी लिहिलं:

'ईशाला झाले होते. खाली राऊत आजी सगळ्या मुलांची नखं एकाच नेलकटरने कापतात आणि हाताने भरवतात. तिथून पसरत असण्याची शक्यता आहे. शिवाय त्या औषधपाण्याचे सल्ले देतात. त्या व्हिजिट पासवर आहेत, त्यांना इथे असं काही करायची परवानगी नाही. कृपया सर्वांनी लक्ष द्यावे.'

'कृपया सर्वांनी लक्ष द्यावे' हे लिहिताना मला जबाबदार नागरिक झाल्यासारखं वाटलं होतं, तेही आठवतं.

पाच मिनिटांत सात अंगठे आले. नीताने काहीच लिहिलं नाही. तिने घरी जाऊन सासूला सांगितलं की उद्यापासून खाली बसायचं नाही, कुणी तक्रार केली तर पासचा घोटाळा होईल, तुमचा आणि कदाचित आमचाही. हे मला पुढे कळलं.

सिस्टर चार-पाच दिवस दिसल्या नाहीत. मग परत खाली येऊन बसू लागल्या, पण डबी नाही, वर्तमानपत्र नाही, नुसतं बसणं. आमची मुलं त्या बाजूने जाईनाशी झाली. आयांनी त्यांना मागच्या जिन्याने न्यायला सुरुवात केली. चौथ्या मजल्यावरच्या एक चिनी आजी मात्र आपल्या नातवाला घेऊन रोज येत राहिल्या. त्या आमच्या ग्रुपमध्ये कशा असणार? तो मुलगा सवयीने दहा बोटं पुढे करायचा. सिस्टर ती बघायच्या, मान हलवायच्या आणि हात पदराखाली घ्यायच्या. मग चिनी आजींनी स्वतःच्या घरून नेलकटर आणायला सुरुवात केली. त्या कापायच्या आणि सिस्टर कोणतं नख राहिलं ते बोटाने दाखवायच्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द समजत नव्हता. मी हे खांबाआडून पाहिलं आणि तेव्हापासून पलीकडच्या लिफ्टने जायला लागलो.

ईशाचं काही थांबेना, म्हणून आम्ही नोव्हेना भागात एका मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि तीन प्रश्न विचारले. घरातल्या सगळ्यांनी घेतलं? एकाच दिवशी? पंधरा दिवसांनी पुन्हा? क्रमसुद्धा तोच. मुग्धा म्हणाली, "पहिल्यांदा सगळ्यांनी घेतलं. दुसऱ्यांदा राहून गेलं."

मी खाली बघत होतो. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या धंद्यात बापांचे चेहरे वाचता येत असावेत.

"आय डिडन्ट टेक इट," मी म्हणालो. इंग्रजीत सांगणं सोपं गेलं.

त्यांनी मलाही तीच पहाटेची चिकटपट्टी सांगितली. रिपोर्ट घ्यायला आम्ही परत गेलो. पाहुणे माझ्याकडे मुक्कामाला होते. मला खाज क्वचित यायची, मी ती उष्णतेवर ढकलत होतो. ईशाला कुशीत घेऊन झोपवायचो मीच. शाळेतून ते एकदा आले असतील. त्यानंतर तिला ते माझ्याकडून येत होते.

घरी येताना मुग्धा स्टेशनपर्यंत माझ्या पुढे चालत राहिली. मग म्हणाली, "महेश, सिस्टरांना सांग. आजच."

"सांगतो."

आम्ही तिघांनी गोळ्या घेतल्या. आधी मी. पंधरा दिवसांनी पुन्हा घेतल्या. ईशा बरी झाली, तिचे गाल भरले. आणि मी सिस्टरांना काही सांगितलं नाही. आठ महिने. मुग्धाने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिला सांगायचं होतं, पण ती म्हणाली हे तुझं आहे, मी सांगितलं तर तुझं सांगायचं तसंच राहील. रोज पलीकडच्या लिफ्टने वर जाताना मी मनात वाक्यं जुळवायचो. आमच्या सातव्या मजल्यापर्यंत ती छान जुळायची.

मग एक दिवस ग्रुपवर नीताचा मेसेज आला. आई परवा भारतात कायमच्या परत जात आहेत, त्यांचं एक कपाट द्यायचं आहे, कुणाला हवंय का. पास नवा करायची वेळ आली होती, आणि मुलाने जहाजावरून फोन करून विचारलं तेव्हा त्या नको म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि चार वाजता खाली गेलो. सिस्टर दगडी टेबलापाशी होत्या. धुवट सुती साडी, कॅनव्हासचे बूट. चिनी आजी अजून आल्या नव्हत्या. मी समोर बसलो. लिफ्टमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"सिस्टर, गोळी मी घेतली नव्हती."

त्यांनी लगेच विचारलं, "मग घेतलीत का नंतर?"

"घेतली. तिघांनी."

"एकाच दिवशी?"

"हो."

"पंधरा दिवसांनी पुन्हा?"

"पुन्हा."

"मग झालं तर." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मनगट वळवून. मग म्हणाल्या, "आठ-नऊ महिने मी रोज चारला साडी बदलते. बदलून झाली की आठवतं. मग तशीच येऊन बसते, आता नेसलीच आहे म्हणून."

मी म्हणालो, "चुकलो मी. माफ करा."

"मला एकटीला सांगून काय होणार?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. एखाद्या अडाणी बापाला समजवावं तसं त्या सांगत होत्या. "एकट्या पोरीला गोळी देऊन भागलं का? सगळ्या घराला द्यावी लागली ना?"

मला कळायला वेळ लागला. मग मी फोन काढला, तिथेच बसून ग्रुपवर लिहिलं आणि पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवलं, कारण चष्मा त्यांनी सामानात बांधला होता. मी लिहिलं होतं की गैरसमजातून माझ्याकडून कदाचित सिस्टरांचं मन दुखावलं गेलं असेल.

"गैरसमज कुठे होता?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तर नेलकटर उकळताना पाहिला होतात."

मी गैरसमज काढला.

"कदाचितही काढा."

तोही काढला. मग फारसं काही उरलं नाही आणि नव्याने लिहावं लागलं. वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली. "पाठवा. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाठवा. एकदा वाचून माणसं विसरतात. अंडी राहतात."

मी पाठवलं. तेवढ्यात चिनी आजी नातवाला घेऊन आल्या. त्याने दहा बोटं पुढे केली. सिस्टरांनी इतक्या महिन्यांनी प्रथमच तो हात हातात घेतला आणि एकेक नख दाबून बघितलं. मला त्यांनी खुणेनेच जायला सांगितलं. मी लिफ्टपाशी जाऊन मागे पाहिलं. सिस्टर त्या पोराच्या अंगठ्यावर वाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची टॅक्सी गेली तेव्हा आम्ही झोपलो होतो.

पंधरा दिवस झाले. सकाळी चहाच्या आधी मी तोच मजकूर ग्रुपवर पुन्हा पाठवला:

'ईशाला जंत सिस्टरांमुळे झाले नव्हते. मी औषध घेतलं नाही, म्हणून ते तिला परत माझ्याकडून झाले. हे मला आठ महिन्यांपासून माहीत आहे. सिस्टरांनी इथे कधी कुणाला औषध दिलं नाही. त्यांचा नेलकटर रोज उकळलेला असे, हेही मला माहीत होतं. मी त्यांच्याबद्दल खोटं लिहिलं आणि तुमची मुलं त्यांच्यापासून तोडली. सिस्टर, मला माफ करा.'